सॉग्रास फॉस्फरसने मरते की मागे पडते?

पर्णरेखा यांचा प्रश्न

नमस्कार. मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला वनस्पतिशास्त्र शिकवते. पाणथळ परिसंस्थांच्या घटकासाठी यंदा मी अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यातील एव्हरग्लेड्सचे उदाहरण घेतले, आणि त्या दलदलीचा फार मोठा भाग व्यापणाऱ्या सॉग्रास या बहुवर्षायू वनस्पतीपाशी, म्हणजे क्लेडियम जमायसेन्सपाशी, माझे शिकवणे अडले. आमच्याकडे वापरल्या जाणाऱ्या टिपणांत असे वाक्य आहे की, ऊसशेतीतून वाहून येणारा फॉस्फरस सॉग्रासला मारतो आणि त्याच्या जागी पाणकणीस उगवते. हे वाचून एका विद्यार्थिनीने विचारले की, फॉस्फरस तर खत आहे, मग खताने वनस्पती मरते कशी? मी ‘अति झाले की अपायकारक होते’ असे उत्तर दिले, पण देतानाच ते मला पटले नव्हते. एव्हरग्लेड्सच्या पाण्यातील फॉस्फरसची जी मर्यादा सांगितली जाते ती एका लिटरमागे अवघी १० मायक्रोग्रॅम आहे, आणि तिच्या दसपट फॉस्फरस आला तरी शेतात घातल्या जाणाऱ्या खतापुढे तो नगण्यच ठरेल. एवढ्याशा प्रमाणाने विषबाधा होईल, हे मला संभवनीय वाटत नाही.

याच अनुषंगाने आणखी दोन शंका आहेत. नावात ‘ग्रास’ असूनही ही वनस्पती गवत नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु विद्यार्थ्यांना ते प्रत्यक्ष नमुन्यावर कसे पटवावे? आणि पाण्यात उभी असलेली ही वनस्पती वणव्यात जळते, जळून पुन्हा फुटते, असे वाचनात आले. ते कसे घडते? जाणकारांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती.

कणिश यांचे उत्तर

गवत आणि लव्हाळा यांतील फरकापुरते मी लिहितो. फॉस्फरसवर माझ्याहून अधिकाराने लिहिणारे येथे आहेत.

सॉग्रास हे सायपरेसी कुलातले, म्हणजे आपण ज्यांना लव्हाळे आणि मोथे म्हणतो त्यांचे भावंड आहे. वर्गात बहुधा ‘लव्हाळ्याचे खोड त्रिकोणी असते’ एवढे एकच लक्षण सांगितले जाते आणि तेथेच घोटाळा होतो, कारण सॉग्रासच्या खोडाचे कोपरे इतके बोथट असतात की बोटांत फिरवून पाहिले तर ते जवळजवळ गोल लागते. म्हणून खोडाच्या आकाराऐवजी पानांकडे पाहायला सांगावे, असे माझे मत आहे. गवताची पाने खोडावर दोन ओळींत लागतात, लव्हाळ्याची तीन ओळींत. वरून खाली पाहिले की हा फरक चटकन ध्यानात येतो. गवतात पानाचा खोडाला वेढणारा भाग सहसा एका बाजूने उघडा असतो, तर लव्हाळ्यात तो बंद नळीसारखा असतो. गवताच्या काडीवर पेरांचे ठळक सांधे असतात आणि दोन सांध्यांमधली काडी बहुधा पोकळ असते. लव्हाळ्याच्या खोडावर तसे फुगीर सांधे दिसत नाहीत आणि ते सहसा भरीव असते. ही लक्षणे साध्या भिंगाखाली, कोणत्याही लव्हाळ्यावर आणि कोणत्याही गवतावर, शेजारी शेजारी ठेवून दाखवता येतात.

नावातल्या ‘सॉ’चा अर्थ करवत असा आहे. पानाच्या दोन्ही कडांवर आणि खालच्या बाजूच्या मध्यशिरेवर सिलिकायुक्त बारीक दाते असतात, आणि ती पाने अंगाला घासली तर कातडी खरोखर चिरते. अनुकूल जागी ही वनस्पती तीन मीटरपर्यंत उंच होते. तिच्या शेंड्याला तपकिरी कणिशकांचा फांद्याफांद्यांचा तुरा येतो. क्लेडियम हे नाव फांदी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. बी धरते खरे, पण प्रस्थापित दलदलीत तिचा विस्तार मुख्यतः जमिनीखालच्या आडव्या खोडांनी होतो. पुढच्या चर्चेत ही गोष्ट उपयोगी पडेल, म्हणून येथे नोंदवून ठेवतो.

आणखी एक सांगावेसे वाटते. त्या प्रदेशातील सेमिनोल लोकांनी या दलदलीला दिलेले पाहायोकी हे नाव ‘गवताळ पाणी’ अशा अर्थाचे आहे. तेव्हा गवत म्हणण्याला वनस्पतिशास्त्राने हरकत घ्यावी, परंतु जे डोळ्यांना दिसते त्याचे ते वर्णन अगदी नेमके आहे.

पीटमाती यांचे उत्तर

पर्णरेखाताई, आपल्या विद्यार्थिनीची शंका योग्य आहे आणि टिपणातले वाक्य चुकीचे आहे. फॉस्फरस सॉग्रासला मारत नाही. नियंत्रित प्रयोगांत फॉस्फरस दिल्यावर सॉग्राससुद्धा अधिक वाढते. फक्त त्याच फॉस्फरसावर पाणकणीस त्याच्यापेक्षा कितीतरी अधिक वाढते. आपण ज्याला मृत्यू समजतो ती शर्यतीतली हार आहे, आणि ही शर्यत एरवी होतच नव्हती, कारण दुसऱ्या स्पर्धकाला मैदानात उतरण्यापुरते अन्नच मिळत नव्हते.

हे समजण्यासाठी मुळातली एव्हरग्लेड्स कशी होती ते पाहावे लागते. ओकिचोबी सरोवराच्या दक्षिणेला चुनखडकाच्या जवळजवळ सपाट पाटावरून पाण्याचा एक अतिशय रुंद आणि उथळ पट्टा समुद्राकडे सरकत असे. जमिनीचा उतार दर किलोमीटरला जेमतेम तीन सेंटीमीटर असल्याने त्या पाण्याचा वेग नदीच्या वेगासारखा नव्हता, ओलावा पसरत जावा तसा होता. सुमारे पाच हजार वर्षांत त्या खडकावर मेलेल्या पानामुळांचा थर साचून पीट तयार झाले. या दलदलीच्या अंतर्भागाला नवा फॉस्फरस मिळण्याचा मुख्य मार्ग म्हणजे पाऊस आणि हवेतली धूळ. त्यात जो काही फॉस्फरस येई तो पाण्यातल्या शैवालांचे आणि सूक्ष्मजीवांचे चुनायुक्त थर, ज्यांना पेरिफायटॉन म्हणतात, तत्काळ शोषून घेत, आणि काही भाग चुन्याबरोबर बांधला जाई. परिणामी पाणी स्वच्छ, प्रकाशमान आणि वनस्पतींच्या दृष्टीने विलक्षण दरिद्री होते.

सॉग्रास या दारिद्र्यासाठीच घडलेले आहे. ते सावकाश वाढते, त्याची पाने दीर्घकाळ टिकतात, आणि पान वाळण्यापूर्वी त्यातला बहुतेक फॉस्फरस ते परत ओढून घेते. जुन्या पानातला फॉस्फरस नव्या पानात वापरायचा, ते पान वाळण्याआधी तो पुन्हा पुढच्या पानाला द्यायचा, अशी ही काटकसर आहे. पाणकणसाचा स्वभाव याच्या नेमका उलट आहे. ते भराभर पाने काढते, भराभर टाकते, उंच होऊन शेजाऱ्यावर सावली धरते, आणि या सगळ्याला त्याला सतत नवा फॉस्फरस लागतो. अन्न कमी असताना काटकसरी वनस्पती टिकते. अन्न वाढले की काटकसरीचा काही उपयोग राहत नाही आणि वेग हाच निर्णायक ठरतो. खालचे आडवे खोड पसरवत पाणकणीस एकदा दाट झाले की सॉग्रासच्या नव्या धुमाऱ्यांना प्रकाश मिळत नाही.

पाणकणीस तेथे बाहेरून आलेले नाही, हेही वर्गात अवश्य सांगावे. ते त्या दलदलीचे मूळ रहिवासी आहे, पण पूर्वी ते विरळ असे आणि मगरींनी उकरलेल्या डबक्यांसारख्या जागी, जेथे माती ढवळली गेली आहे किंवा अन्न साचले आहे, तेथेच आढळे. त्यामुळे या घटनेला परक्या वनस्पतीचे आक्रमण म्हणणे चूक ठरते. त्याच घरातला एक सदस्य दुसऱ्यावर भारी पडला, आणि तो का पडला याचे उत्तर पाण्यात आहे.

ते पाणी कोठून आले, हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सरोवराच्या दक्षिणेचा, मूळच्या घनदाट सॉग्रासचा पट्टा पाण्याखालून काढून शेतीला देण्यात आला. आज तेथे सुमारे सात लाख एकरांचे कृषिक्षेत्र आहे आणि त्यात ऊस प्रमुख आहे. पाण्याखाली असताना पीट कुजत नाही, कारण त्याला प्राणवायू मिळत नाही. निचरा होताच ते कुजू लागते आणि जमीन अक्षरशः हवेत विरते. बेल ग्लेड येथील संशोधन केंद्रात १९२४ मध्ये नऊ फुटांचा काँक्रीटचा खांब खालच्या खडकापर्यंत असा रोवला होता की त्याचा माथा जमिनीच्या पातळीत राहावा. आज त्याचा पाच फुटांहून अधिक भाग जमिनीवर उघडा आहे. याचा अर्थ असा की शेतातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात केवळ घातलेले खत नसते. हजारो वर्षे सॉग्रासने मातीत साठवलेली पुंजीही कुजून मोकळी होते आणि त्याच पाण्याबरोबर खालच्या दलदलीत उतरते. या पाण्यातील फॉस्फरस एकेकाळी लिटरला शंभर मायक्रोग्रॅमच्याही वर असे. आपण उल्लेखिलेली १० मायक्रोग्रॅमची मर्यादा शेताच्या मापाने हास्यास्पद वाटेल इतकी कमी आहे, परंतु पावसावर जगणाऱ्या दलदलीच्या मापाने तीच स्वाभाविक पातळी आहे.

जलरेषा यांचे उत्तर

पीटमाती यांच्या विवेचनाशी मी बहुतांशी सहमत आहे, तरीही फॉस्फरस एकटाच दोषी ठरत आहे असे वाटल्याने लिहिणे भाग पडले. माझे काम पाण्याच्या प्रवाहाशी संबंधित आहे आणि माझ्या दृष्टीने या कथेत पाण्याची खोली तितकीच महत्त्वाची आहे. वणव्याचा प्रश्नही तिच्याशीच जोडलेला आहे, म्हणून तेथून सुरुवात करतो.

सॉग्रासची वाळलेली पाने गळून पडत नाहीत, उभीच राहतात. त्यामुळे खाली पाणी असले तरी वर सरपण तयार असते, आणि पावसाळा नुकताच सुरू होत असताना वीज पडली की आग पाण्यावरून धावत जाते. वाढीचा कोंब मात्र पानांच्या तळाशी, एकावर एक घट्ट बसलेल्या आवरणांच्या आत, ओल्या मातीच्या किंवा पाण्याच्या पातळीत दडलेला असतो. आग वरचा पसारा नेते, कोंब वाचतो, आणि काही दिवसांतच हिरवी पाती पुन्हा वर येतात. महापुरात लव्हाळी वाचतात असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. हा लव्हाळा आगीतूनही वाचतो.

तो कोणत्या आगीतून वाचत नाही, हे मात्र सांगितलेच पाहिजे. कालव्यांनी पाणी ओढून घेतल्यामुळे पीट सुकले असेल, तर आग पानांवर थांबत नाही, मातीतच शिरते आणि जमिनीखालच्या खोडांसकट सर्व काही जाळते. दुसरा धोका याच्या उलट बाजूचा आहे. पाण्याखालच्या मुळांना प्राणवायू मिळतो तो पानांतील पोकळ्यांतून. पाने ही त्या वनस्पतीची श्वासनळीच आहे. आग लागून गेल्यावर पाने आखूड झालेली असताना पाण्याची पातळी एकदम वाढली आणि ती टोके बुडाली, तर मुळे गुदमरतात आणि आगीतून वाचलेला संपूर्ण ताटवा पाण्याने मरतो. नैसर्गिक क्रमात पाऊस हळूहळू वाढत असल्याने पाती बहुधा पाण्याच्या पुढे राहत. दरवाजे उघडून पाणी सोडणाऱ्या व्यवस्थेत हा मेळ राहील याची खात्री नसते.

आता खोलीकडे येतो. पाणकणसाच्या पानांत हवा दाबाने खाली ढकलली जाते आणि ती खोल पाण्यातील मुळांपर्यंत पोहोचते. सॉग्रासमध्ये ही सोय तितकी प्रभावी नाही. म्हणजे पाणी खोल झाले आणि बराच काळ खोल राहिले तर फॉस्फरस न वाढताही सॉग्रास अडचणीत येते, आणि फॉस्फरस वाढलेला असेल तर पाणकणसाला दुहेरी लाभ मिळतो. असे खोल पाणी माणसाने निर्माण केले आहे. १९२८ मध्ये खुला झालेला टॅमियामी ट्रेल हा रस्ता दलदलीवर आडव्या बांधासारखा बसला. १९४८ मध्ये अमेरिकी काँग्रेसने मंजूर केलेल्या पूरनियंत्रणाच्या प्रकल्पाने बांध, कालवे आणि जलसाठ्याची क्षेत्रे उभी केली, आणि एकसलग सरकणाऱ्या पाण्याचे कप्पे झाले. प्रत्येक कप्प्याचे उत्तरेकडचे टोक गरजेपेक्षा कोरडे आणि दक्षिणेकडचे टोक, जेथे पाणी बांधाला अडते, गरजेपेक्षा खोल, असे चित्र निर्माण झाले.

मूळ दलदलीत प्रवाहाच्या दिशेने लांबट असे सॉग्रासचे उंचवटे आणि त्यांच्यामध्ये कुमुदांनी भरलेले खोलगट पाणी, अशी पट्ट्यापट्ट्यांची रचना होती. सॉग्रास स्वतःच्या पानामुळांनी उंचवटा बांधत असे आणि वाहते पाणी मधला भाग मोकळा ठेवत असे. प्रवाह थांबल्यावर अनेक ठिकाणी ही रचना सपाट होत गेली. विद्यार्थ्यांना आकाशातून घेतलेली दोन छायाचित्रे, एक पट्टे शाबूत असलेल्या भागाचे आणि एक पट्टे पुसले गेलेल्या भागाचे, शेजारी ठेवून दाखवावीत, अशी मी आग्रहाने सूचना करेन. अनेक परिच्छेद वाचूनही जे कळत नाही ते तेथे एका दृष्टिक्षेपात कळते.

पर्णरेखा यांची पुरवणी

आपणा तिघांचेही मनःपूर्वक आभार. वर्गातले माझे उत्तर मी उद्याच मागे घेईन. या चर्चेतून दोन प्रश्न उरतात. वरून येणारा फॉस्फरस आज थांबवला, तर सॉग्रास परत येईल का? आणि सॉग्रासच्या जागी पाणकणीस आले, तरी हिरवळ हिरवळच आहे. मग इतरांचे नेमके काय बिघडते? हा दुसरा प्रश्न विद्यार्थी नक्की विचारतील.

पीटमाती यांचे उत्तर

जलरेषा यांचा आक्षेप मला मान्य आहे. फॉस्फरस आणि खोली ही दोन कारणे एकमेकांना बळ देतात, हे मी लिहायला हवे होते.

आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. सॉग्रासच्या दलदलीत ताटव्यांमध्ये आणि भोवती उघडे, उजेडाचे पाणी असते. त्या पाण्यात पेरिफायटॉन वाढते, त्यावर लहान मासे आणि कवचधारी जीव जगतात, आणि त्यांना टिपण्यासाठी बगळे व करकोचे उथळ पाण्यात उतरतात. मगरी याच सॉग्रासचा ढीग रचून अंडी घालतात. पाणकणीस दाट झाले की पाण्यावर उजेड पडत नाही, फॉस्फरस वाढताच मूळचे पेरिफायटॉन आधीच विघटित झालेले असते, भराभर पडणाऱ्या पानांच्या कुजण्याने पाण्यातला प्राणवायू घटतो, आणि पक्ष्याला उतरायला, पाय ठेवायला जागाच राहत नाही. हिरवळ राहते हे खरे, परंतु तिच्यात वावरणारे जीव राहत नाहीत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सुखावह नाही. पाणी स्वच्छ केले तरी माती स्वच्छ होत नाही. दलदलीच्या वरच्या दहा सेंटीमीटर मातीत किलोग्रॅममागे ५०० मिलिग्रॅमहून अधिक फॉस्फरस असेल तर ती जागा बाधित मानली जाते, आणि अशा मातीतून तो वर्षानुवर्षे पुन्हा पाण्यात आणि मुळांत जात राहतो. पाणकणीस मेले की त्यातला फॉस्फरस तेथेच पडतो आणि पुढच्या पाणकणसाला मिळतो. त्यात सॉग्रासचा स्वभाव सावकाश पसरण्याचा, हे कणिश यांनी आरंभीच सांगितले आहे. म्हणून बाधित जागा परत मिळवण्यापेक्षा अजून अबाधित असलेला अंतर्भाग राखणे हे कितीतरी साध्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्या दृष्टीने जे काम झाले ते कमी लेखू नये. संघराज्य सरकारने १९८८ मध्ये या पाण्याच्या गुणवत्तेवरून फ्लोरिडाविरुद्ध दावा केला, आणि १९९४ मध्ये राज्याने एव्हरग्लेड्ससाठी स्वतंत्र कायदा केला. शेती आणि दलदल यांच्या मध्ये हजारो एकरांच्या कृत्रिम पाणथळी उभ्या राहिल्या, ज्यांतून शेतीचे पाणी संथपणे फिरवून त्यातला फॉस्फरस काढून घेतला जातो. या पाणथळींच्या अनेक कप्प्यांत हे काम पाणकणसाकडूनच करून घेतले जाते, कारण भरभरून फॉस्फरस ओढण्याचा त्याचा गुण तेथे हवाच असतो. तीच वनस्पती बांधाच्या वरच्या बाजूला कामकरी आणि खालच्या बाजूला संकट ठरते. विद्यार्थ्यांना हे अवश्य सांगा.

जलरेषा यांचे उत्तर

प्रवाहाच्या बाजूने एवढीच भर घालतो की २००० मध्ये मंजूर झालेल्या व्यापक पुनरुज्जीवन योजनेचा गाभा पाण्याचे प्रमाण, वेळ आणि वाटप सुधारणे हाच आहे, आणि टॅमियामी ट्रेलचा एक मैलाचा भाग २०१३ मध्ये पुलावर उचलून त्याखालून पाण्याला वाट करून देण्यात आली. पुढे आणखी पूल बांधण्यात आले. मात्र वाट मोकळी करताना अस्वच्छ पाणी राष्ट्रीय उद्यानात शिरू नये, ही अट असल्याने दोन्ही कामे एकमेकांना बांधलेली आहेत.

कणिश यांचे उत्तर

तुलनेसाठी युरोपातील क्लेडियम मरिस्कस ही जवळची जाती पाहावी. काही वर्गीकरणकार सॉग्रासला तिचीच उपजाती मानतात. तीही चुनायुक्त, पोषकद्रव्ये कमी असलेल्या दलदलीत वाढते आणि अशा दलदलींना युरोपीय महासंघाच्या अधिवासविषयक कायद्यात संरक्षण आहे. इंग्लंडमधील विकन फेन येथे ती छपरे शाकारण्यासाठी शतकानुशतके कापली जात आली आहे, परंतु दरवर्षी नव्हे. मध्ये तीन-चार वर्षे जाऊ द्यावी लागतात, कारण त्याहून लवकर कापल्यास ती क्षीण होते. सावकाश वाढण्याचा जो स्वभाव फ्लोरिडात दिसतो तोच येथे विळ्याच्या अनुभवातून लोकांना कळला होता.

पर्णरेखा यांची पुरवणी

टिपणातले वाक्य मी असे बदलत आहे : ‘शेतीतून आलेल्या फॉस्फरसमुळे पाणकणीस सॉग्रासपेक्षा वेगाने वाढते आणि त्याची जागा घेते.’ यात काही उणे राहिले असल्यास कृपया सांगावे.

पीटमाती यांचे उत्तर

‘फॉस्फरसमुळे’ या शब्दाच्या पुढे ‘आणि बांधांमुळे दीर्घकाळ खोल राहिलेल्या पाण्यामुळे’ एवढे घाला. मग जलरेषा यांचीही तक्रार राहणार नाही आणि वाक्यही खरे होईल.